राजघराण्यातल्या बायकांची सत्ता नेमकी कशावर उभी होती?

मुक्ता_वाचते (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमच्या शाळेच्या इतिहास मंडळाचं भित्तिप्रदर्शन आहे आणि विषय माझ्याकडे आलाय: मराठा राजघराण्यांतल्या स्त्रिया. चित्रं आणि नकाशे मुलं करणार, मजकूर मी द्यायचा. हाताशी असलेली पुस्तकं चाळली तर प्रत्येकीच्या नावामागे आधी नातं उभं. जिजाऊ म्हणजे शिवरायांच्या मातोश्री, येसूबाई म्हणजे संभाजीराजांच्या पत्नी, आणि आनंदीबाई म्हणजे 'ध'चा 'मा'. एक तर देव्हाऱ्यात बसवायचं, नाहीतर कारस्थानी ठरवायचं. मधलं काही मिळतच नाही.

मला मुलांना वेगळं काही सांगायचंय. या बायकांचं लोक ऐकत होते ते कशामुळे? माझं मत असं की नुसत्या करारी स्वभावावर कोणी कोणाचं ऐकत नाही. जिच्या नावावर गावं होती, जिचा शिक्का चालत होता, जिच्या हाताखाली स्वतःचे कारकून होते, तिचा शब्द चालला. बाकीच्या कितीही हुशार असल्या तरी वाड्याच्या आतच राहिल्या.

तुम्हाला हे पटतं का? पटत नसेल तर उदाहरणांसकट सांगा. प्रदर्शनासाठी वेळ आहे, घाई नाही.

रेवाकाठ

मुक्ताताई, अगदी पटतं, आणि याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण इंदूरच्या होळकरांचं. (माहेर इंदूरचं असल्यामुळे मी यावर थोडी जास्तच बोलणार, सांभाळून घ्या.)

होळकरशाहीत पैशाचे दोन कप्पे होते: दौलत आणि खासगी. दौलतीतून फौजफाटा, मुलूखगिरी, राज्यकारभार चालायचा. खासगी ही राणीची. मल्हाररावांच्या विनंतीवरून पेशव्यांनी 1734 मध्ये त्यांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे वेगळी जहागीर करून दिली. गौतमाबाईंनंतर ती अहिल्याबाईंकडे आली. काशी विश्वनाथाचं देऊळ (1780), सोमनाथ, गयेचं विष्णुपद, जागोजागचे घाट, धर्मशाळा, विहिरी हे सगळं आपण "अहिल्यादेवींचा दानधर्म" म्हणून एका वाक्यात उरकतो. पण तो पैसा खासगीतला होता. दौलतीला हात न लावता, स्वतःच्या उत्पन्नाचा चोख हिशेब ठेवून, आपली सत्ता नाही अशा मुलखात त्यांनी कामं उभी केली. काशी होळकरांच्या राज्यात नव्हती, सोमनाथही नव्हतं. तिथे बांधकाम करायचं म्हणजे स्थानिक सत्ताधाऱ्यांशी बोलणी, कारागिरांची ने-आण, पुढच्या पूजाअर्चेसाठी कायमची तरतूद, एवढं सगळं आलं. हिंदुस्थानभर होळकरांचं नाव झालं ते तलवारीइतकंच या खासगीच्या वह्यांमुळे.

आणि हे सासऱ्यांनी शिकवलं होतं. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले तेव्हा अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या, मल्हाररावांनी त्यांना थांबवलं. पुढे 1765 च्या एका पत्रात ते सुनेला कळवतात की चंबळ उतरून ग्वाल्हेरला जा, मोठा तोफखाना जवळ ठेव, दारूगोळ्याची होईल तितकी बेगमी कर, वाटेवर चौक्या बसव. एका विधवा सुनेला लिहिलेलं पत्र आहे हे! 1767 मध्ये मुलगा मालेरावही गेला आणि पेशव्यांचे काका राघोबादादा चालून यायला निघाले, तेव्हा ही बाई एकदम गादीवर येऊन बसली असं नव्हतं. कारभार तिच्या हातात आधीपासून होता.

शेंडेफळ

चंबळ, तोफखाना, दारूगोळा. आमच्या घरी सासऱ्यांचा निरोप "येताना कोथिंबीर आण" एवढाच असतो.

वाचतेय, लिहीत राहा सगळे.

सातारी_माती

रेवाकाठ, माहिती उत्तम. पण धागाकर्तीच्या मताशी मी सहमत नाही. ताराबाईंकडे कुठली आली होती खासगी?

मार्च 1700 मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले तेव्हाची परिस्थिती डोळ्यांपुढे आणा. खुद्द औरंगजेब साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसलाय. रायगड 1689 मध्येच गेलेला, जिंजीही गेलेली. खजिना रिकामा. ताराबाई पंचविशीतल्या, पदरात लहान मुलगा. तिथून पुढे सात वर्षं या बाईने बादशहाला या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर फिरवलं. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. एकेक किल्ला महिनोन्‌महिने लढवायचा, रसद संपत आली की पैसे घेऊन खाली करायचा, आणि बादशहाची पाठ वळली की परत घ्यायचा. त्याच काळात मराठ्यांच्या फौजा माळव्यात आणि गुजरातेत शिरल्या. 1707 मध्ये औरंगजेब नगरला मेला तो दक्षिण न जिंकताच.

खाफीखानासारखा मराठ्यांचा द्वेष करणारा मोगल इतिहासकारसुद्धा तिच्या कारभाराची आणि फौज हाताळण्याची तारीफ केल्यावाचून राहिला नाही. ही जहागिरीची कमाई नव्हे. हंबीरराव मोहित्यांची लेक होती ती, रक्तातच होतं.

मोडी_लिपी

सातारीदादा, "रक्तातच होतं" हे पटत नाही. हंबीररावांच्या सख्ख्या बहीण सोयराबाई. त्याच रक्ताच्या. त्यांना राजारामांसाठी गादी हवी होती आणि खुद्द हंबीरराव संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले. डाव तिथेच संपला. सेनापती भाऊ असून उपयोग झाला नाही, कारण फौज हातात नव्हती.

ताराबाईंचंही तसंच बघा. 1700 मध्ये त्यांनी मुलाला गादीवर बसवलं म्हणून आज्ञा त्याच्या नावाने सुटू लागल्या, आणि रामचंद्रपंत अमात्य, धनाजी जाधव यांच्यासारखी माणसं कामाला लागली. 1707 मध्ये संभाजीराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले, थोरल्या गादीचा वारस आला, आणि खेडच्या लढाईच्या वेळी धनाजी जाधव त्यांना जाऊन मिळाले. बाई तीच, हिंमत तीच, पण मुलाच्या नावाचं वजन कमी झालं. 1714 मध्ये तर कोल्हापुरात सवत राजसबाईने त्यांनाच कैदेत टाकलं आणि आपल्या मुलाला गादीवर बसवलं. कर्तबगारी शाबूत, सत्ता गेली. मुक्ताताईंचा मुद्दा हाच आहे.

सातारी_माती

मोडी_लिपी, 1714 ला थांबू नका, पुढे चला. शाहू महाराज 15 डिसेंबर 1749 ला गेले. ताराबाई तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात. त्यांनीच पुढे केलेला नातू रामराजा गादीवर आला, आणि तो पेशव्यांच्या ओंजळीने पाणी पितोय असं दिसल्यावर नोव्हेंबर 1750 मध्ये त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं. उमाबाई दाभाड्यांना हाताशी धरलं, दमाजी गायकवाडाची फौज गुजरातेतून साताऱ्यावर आणवली. पेशवे नानासाहेबांनी दमाजीला पकडलं, पण किल्ल्यावरच्या म्हातारीला ते हलवू शकले नाहीत. शेवटी 1752 मध्ये जेजुरीला खंडोबासमोर आणाभाका करून समेट करावा लागला. मुलगा केव्हाच गेलेला, नातवाला स्वतःच कोंडलेलं. आता सांगा, कुणाच्या नावाचं वजन होतं ते?

1761 च्या डिसेंबरात वारल्या. म्हणजे रायगडचा पाडाव पाहिलेल्या या बाईने पानिपतही पाहिलं. समाधी संगम माहुलीला आहे. प्रदर्शनासाठी मुलांना घेऊन याल तर वेण्णा कृष्णेला मिळते तिथपर्यंत मी सोबत येईन. पावसाळ्यात मात्र नको, पाणी घाटावर चढतं.

करवीरची_सून

सातारीदादा राजसबाईवर नेहमीप्रमाणे नाराज 🙂 आमच्या कोल्हापुराकडून एक नाव घ्या, जे सगळेच विसरतात: राणी जिजाबाई. (जिजाऊ नव्हेत, राजसबाईची सून, दुसऱ्या संभाजीराजांची राणी.)

डिसेंबर 1760 मध्ये संभाजीराजे निपुत्रिक वारले. पेशव्यांच्या डोळ्यांपुढे आयती संधी: वारस नाही, तर करवीरचं राज्य साताऱ्यात मिळवून टाकायचं. जिजाबाईंनी एक राणी गरोदर असल्याचं कळवलं आणि वेळ काढला. लगेच पानिपत झालं, नानासाहेबही गेले. 1762 मध्ये त्यांनी खानवटकर भोसल्यांचा मुलगा दत्तक घेतला, शिवाजी नाव ठेवलं, आणि 1773 पर्यंत स्वतः कारभार पाहिला. कोल्हापूरचं संस्थान पुढे टिकलं, राजर्षी शाहूंपर्यंत आलं, ते या बाईने त्या दोन वर्षांत दम धरला म्हणून.

तेव्हा मुक्ताताई, तुमच्या यादीत गावं, शिक्का, कारकून आहेत, त्यात दत्तक घेण्याचा हक्क घाला. विधवा राणीच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार तेच होतं.

विश्वामित्रीचा_घाट

करवीरची_सून यांना दुजोरा. बडोद्याचं बघा. 1875 मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केलं. त्यांच्या आधीचे राजे खंडेराव, त्यांच्या विधवा जमनाबाई. त्यांनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला. शेतकऱ्याघरचा, शाळेत न गेलेला मुलगा. तेच पुढे सयाजीराव. सक्तीचं शिक्षण, ग्रंथालयं, जे जे बडोद्याचं म्हणून आपण अभिमानाने सांगतो त्याची सुरुवात जमनाबाईंच्या निवडीत आहे. इंग्रजांची मान्यता लागली हे खरं, पण दत्तक घेणारी राणीच होती.

आणि सयाजीरावांच्या दुसऱ्या पत्नी चिमणाबाई. 1927 मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या अध्यक्षा. पडद्यातून बाहेर पडलेली राणी मुलींच्या शिक्षणावर बोलायला पुण्यात उभी राहते, हे चित्र तुमच्या मुलींना आवडेल.

गोदाकाठची

मी नाशिकची. आमच्या गावाला पेशव्यांच्या घरातल्या नावडत्या बायका ठेवायची जागा समजत असावेत. गोपिकाबाई गंगापूरला, आनंदीबाई आनंदवल्लीला. शेजारी शेजारीच म्हणायचं.

गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांची लेक. 1761 च्या एका वर्षात थोरला विश्वासराव पानिपतावर गेला, नंतर नवरा गेला. माधवराव सोळा वर्षांचा. तिला कारभारात हात हवा होता, माहेरच्या रास्त्यांचं वजन होतं. माधवरावांनी ते चालू दिलं नाही आणि बाई गंगापूरला आल्या. तिथून नातवाला, सवाई माधवरावाला, पत्रातून सांगत राहिल्या: उठावं कधी, अभ्यास कोणता करावा, वडीलधाऱ्यांशी आणि कारभाऱ्यांशी कसं वागावं. हातात काही उरलं नव्हतं, तरी पेशव्याची आजी म्हणून पत्राला मान होता. सत्ता आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना सांगता आलं तर बघा.

पानिपत_ते_अटक

आनंदीबाईंचं नाव निघालंच आहे तर 'ध'चा 'मा' घ्या प्रदर्शनात. मुलांना तेच लक्षात राहतं.

मोडी_लिपी

लक्षात राहतं म्हणूनच घेऊ नये, किंवा घेतलं तर ही आख्यायिका आहे असं ठळक लिहून घ्यावं. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात पेशवे नारायणरावांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी चौकशी करून आनंदीबाईंच्या नवऱ्याला, राघोबादादांना, दोषी ठरवलं. मारेकरी गारदी म्हणजे भाडोत्री शिपाई, त्यांचा म्होरक्या सुमेरसिंग. अक्षर बदललेला कागद कोणी पाहिलेला नाही. नवऱ्यावर शाबीत झालेला गुन्हा लोकांच्या तोंडी बायकोच्या माथी गेला आणि अडीचशे वर्षं तिथेच राहिला.

पानिपत_ते_अटक

पण आनंदीबाई महत्त्वाकांक्षी होत्या हे तर मान्य कराल? नवऱ्याने पेशवा व्हावं असं वाटतच असणार.

मोडी_लिपी

वाटत असेलही. राघोबांना वाटत होतं, मल्हाररावांना वाटत होतं, नानांना वाटत होतं. पुरुषाला वाटलं की मुत्सद्दी, बाईला वाटलं की कारस्थानी, एवढं सोडा मग माझी काही हरकत नाही.

शेंडेफळ

+1. या वाक्यासाठी वेगळी पाटी करा ताई.

कावेरीचं_पाणी

चेन्नईहून लिहितोय. तंजावरचे मराठे विसरू नका.

1677 मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेत आले, सावत्र भाऊ व्यंकोजीराजांशी वाटणीवरून बिनसलं, लढाईही झाली. समेटाच्या वेळी व्यंकोजींच्या राणी दीपाबाईंनी नवऱ्याला समजावलं असं परंपरा सांगते. तहाची कलमं मात्र कागदावर आहेत, आणि त्यांत बेंगरूळ, होसकोट, शिराळकोटचा मुलूख दीपाबाईंना "चोळी-बांगडीसाठी" दिल्याचं कलम आहे. नाव चोळी-बांगडीचं आणि मुलूख बंगळूरचा! दीर-भावजयीच्या नात्यातून दिलेला मान तर होताच, पण भावाला थेट न देता भावजयीच्या नावे केल्यामुळे व्यंकोजींचाही मान राहिला. मुक्ताताईंच्या "गावं कोणाच्या नावावर" या प्रश्नाला याहून नेमकं उत्तर मला ठाऊक नाही.

रेवाकाठ

व्वा! चोळी-बांगडी, खासगी, एकाच माळेतले मणी. मस्तानीलाही पाबळ, केंदूर, लोणी ही गावं इनाम होती. वाड्यात स्वीकारलं नाही, पण गावं नावावर होती.

जरा अवांतर: महेश्वरला गेलात तर अहिल्यावाड्यात सकाळी लिंगार्चन बघा. ब्राह्मण पाटावर बसून काळ्या मातीची बोटाच्या पेराएवढी लिंगं भराभर करत ओळीने मांडतात, पूजा होते आणि सगळी नर्मदेत सोडतात. अहिल्याबाईंनी घालून दिलेला क्रम आजही चालू आहे. खाली विणकरांच्या घरात माग चालू असतात. बाईंनी विणकर वसवले म्हणून हे गाव आजही साडीवर जगतंय. महेश्वरीचे काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतात, त्याला बुगडी म्हणतात.

करवीरची_सून

रेवाकाठ, साडी कुठून घ्यावी ते व्यनि करा 🙂

अबोली_७

सगळे कर्तबगारीबद्दल लिहिताहेत म्हणून मी दुसरी बाजू लिहिते. प्रदर्शनात ती नसेल तर चित्र खोटं होईल.

ज्या अहिल्याबाईंना सासऱ्यांनी चितेपासून मागे ओढलं, त्यांनाच 1791 मध्ये पोटची लेक मुक्ताबाई डोळ्यांदेखत सती जाताना बघावी लागली. एवढी सत्ता, एवढी खासगी, देशभर नाव, आणि लेकीला थांबवता आलं नाही. शाहू महाराजांच्या राणी सकवारबाई 1749 मध्ये सती गेल्या. त्या ताराबाईंच्या विरोधात दुसरा वारस पुढे करू पाहत होत्या आणि पेशव्यांना अडचणीच्या होत्या. त्यांना सती जायला भाग पाडलं गेलं असं इतिहासकारांनी लिहिलंय. राजकारणातून बाजूला काढायचा हा मार्ग फक्त बायकांसाठी राखीव होता.

आणि येसूबाई. 1689 मध्ये रायगडाला वेढा पडलेला, नवरा हालहाल करून मारलेला, मुलगा सात वर्षांचा. दोन्ही वारसांना एकाच किल्ल्यावर अडकू देणं धोक्याचं म्हणून दिराला, राजारामांना, बाहेर काढायचा निर्णय त्यांचा. स्वतः शाहूला घेऊन मागे राहिल्या, गड पडल्यावर मोगलांच्या कैदेत गेल्या. शाहू 1707 ला सुटले, त्या नाही. पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून त्यांना घेऊन आले 1719 मध्ये. तीस वर्षं! हे मी दर वेळी वाचते आणि पुढचं पान उलटायला वेळ लागतो. राज्य राखायला स्वतःच्या मुलाऐवजी दिराला पुढे करणाऱ्या राण्या इतिहासात फार नाहीत.

सातारी_माती

अबोली, फार नेमकं लिहिलंस. त्यांचा शिक्काही मुलांना दाखव म्हणावं: "श्री सखी राज्ञी जयति". संभाजीराजे मोहिमेवर असताना येसूबाई गडावरून कारभार पाहत. कैदेच्या आधी त्या सत्ता चालवत होत्या, हे कोणी सांगत नाही.

गंगाजळी

एक वेगळ्या धर्तीचं उदाहरण. राधाबाई, थोरल्या बाजीरावांच्या आई. 1735 मध्ये काशीयात्रेला निघाल्या. उदयपूर, जयपूर वाटेवर. राजपूत राजांनी पेशव्याची आई म्हणून आदरसत्कार केला, मोगलांच्या बाजूच्या महंमदखान बंगषानेही वाटेत बंदोबस्त दिला. वर्षभराहून जास्त चाललेली यात्रा, आणि त्या निमित्ताने मराठ्यांचा उत्तरेतला दबदबा सगळ्यांना दिसला. हिच्या हातात शिक्का नव्हता, फौज नव्हती. देवदर्शनाची वाट होती. याला काय म्हणाल?

मुक्ता_वाचते (धागाकर्ती)

केवढं दिलंत तुम्ही सगळ्यांनी! वह्या भरल्या माझ्या.

गंगाजळी, राधाबाईंच्या उदाहरणावर मी खूप विचार केला. तो मान मुलाच्या फौजेचा होता असं मला वाटतं. त्याच्या उलट उदाहरण मला नारायणरावांच्या विधवा गंगाबाईंचं दिसतं. 1774 मध्ये बारभाईंनी, म्हणजे कारभाऱ्यांच्या मंडळाने, पुरंदरावरून कारभार चालवला तो गंगाबाईंच्या नावाने, सवाई माधवराव पोटात असताना. नाव त्यांचं, हुकूम कारभाऱ्यांचे. त्या कोवळ्या बाईला कोणी काही विचारलं असेल असं वाटत नाही. म्हणजे नुसता शिक्का असूनही भागत नाही. मोडी_लिपी, तुमच्याशी इथे थोडी फारकत घेते.

ताराबाईंबद्दल सातारीदादांचं म्हणणं निम्मं मान्य. 1750 मध्ये त्यांच्याकडे पैसा नव्हता, मुलगा नव्हता, पण किल्ला होता, किल्लेदार त्यांचं ऐकत होता आणि छत्रपती कोंडलेला त्यांच्याच हातात होता. तोही आधारच झाला. पण तो आधार त्या वयात ओळखून वापरायला जी छाती लागते ती जहागिरीतून येत नाही, हे मात्र खरं.

आता पाट्या अशा करते. एक खासगीची: दीपाबाई, गौतमाबाई, अहिल्याबाई, त्यांच्या कामांचा नकाशा. एक दत्तकाची: करवीरच्या जिजाबाई आणि बडोद्याच्या जमनाबाई. एक किल्ल्यांची: येसूबाई, ताराबाई. अबोलीने लिहिलेली बाजू वेगळ्या पाटीवर नाही, या तिन्ही पाट्यांवर जिथल्या तिथे येईल. आनंदीबाईंसाठी जागा कमी पडली तरी रामशास्त्र्यांच्या निकालाची ओळ जाईलच.

कावेरीचं_पाणी

खासगीच्या पाटीवर बायजाबाई शिंदे हव्यात. कागलच्या घाटग्यांची लेक, ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांची राणी. 1827 ते 1833 राज्य चालवलं, काशीला ज्ञानवापीचा खांबांचा मंडप बांधला, आणि सावकारी एवढी जोरात की इंग्रजांनासुद्धा कर्ज दिलं.

मुक्ता_वाचते (धागाकर्ती)

घेतल्या! नकाशात काशीजवळ आता दोन खुणा. मोडी_लिपी, एखाद्या राणीच्या पत्राची प्रत मुलांना दाखवायची आहे, शिक्का आणि मोर्तब दोन्ही दिसतील अशी. पुण्याला पेशवे दफ्तरात कोणाला भेटावं?

मोडी_लिपी

व्यनि केलाय. अर्ज शाळेच्या लेटरहेडवर आणा आणि मुलांनाही घेऊन या, जुन्या कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) सोडून दाखवायला सांगू. पत्राच्या मायन्यातली नावं मी त्यांच्याकडून वाचून घेईन.